साडेसहा महिन्यांची तयारी

मंदी येणार हे सगळ्यांच्या आधी बेतूला कळलं, आणि त्याला ते चपलांच्या खोक्यांनी सांगितलं.

बेतू पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात पंचिंग मशीनवर होता. एका बाजूनं पुठ्ठ्याचं सपाट पान आत सारायचं, वरून पात्यांचा साचा धाडकन दाबला जायचा, आणि दुसऱ्या बाजूनं खाचा पडलेलं, घडी घालायला तयार पान बाहेर पडायचं. अठरा वर्षं हेच. काम बैलाचं, पण घाण्याचा बैल झाला तरी आज काय गाळलं जातंय याचा वास त्याला येतोच की. माणसाचा हात आखडला की तो पहिल्यांदा चपला घेणं पुढे ढकलतो. जुनीलाच टाका मारतो, अंगठा बसवून घेतो. मग पंखा राहतो, मग पोरांची खेळणी राहतात. औषधं सगळ्यांत शेवटी. त्या वर्षी चपलांच्या खोक्यांची मागणी निम्म्यावर आली. महिन्याभरानं पंखेवाल्यानं निरोप धाडला, पाच पदरी पुठ्ठा नको, तीन पदरी चालेल. खेळणीवाला म्हणाला, वरचं रंगीत चित्र राहू द्या, नुसतं नाव छापा.

“आधी पदर जातात, मग रंग जातो, मग खोकंच जातं,” बेतू जेवणाच्या सुट्टीत म्हणाला.

“आणि खोक्यामागून तू,” सोट्या म्हणाला. सगळे खो खो हसले.

हा सोट्या शेजारच्या पंचिंग मशीनवर. उंचच उंच, हाडकुळा, तोंडाचा फटकळ, अर्ध्या कारखान्याचं देणं लागणारा. पगाराच्या दिवशी मागच्या दारानं घरी जायचा. त्याच्या मशीनवर शंभरातली चार पानं वाकडी कापली जायची आणि तो ती गठ्ठ्याच्या मधोमध खुपसून ठेवायचा. बेतूचं पान वाकडं गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीतच उरलं होतं. काहीही झालं की “जरा बेतानं” म्हणायची सवय. चहात साखर बेतानं, हसणंसुद्धा बेतानं. म्हणून बेतू.

लोक हसले तरी बेतू हसला नाही, कारण एक मंदी त्याच्या अंगावरून गेली होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पोरगी पाळण्यात, आणि तेव्हाचा कारखाना आठ महिने बंद. आठ महिने मेहुण्याच्या घरी काढले. मेहुणा वाईट नव्हता. रोज ताटात वाढताना म्हणायचा, “घ्या हो, लाजू नका.” ते ‘लाजू नका’ बेतूच्या घशात जे अडकलं ते खाली उतरलं नाही की वर आलं नाही. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, पुढच्या खेपेला कुणाच्या ताटावर बसायचं नाही.

आणि या खेपेला नुसतं ताट नव्हतं. पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आणखी दीड वर्ष फी भरली की तिच्या हातात नोकरी होती. तेवढं दीड वर्ष निभवायचं, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

मग बेतू कामाला लागला. वाण्याची उधारी, सोसायटीचं कर्ज, सगळं आधी फेडून टाकलं. दुचाकी विकली आणि पाऊण तास चालत कामावर जाऊ लागला. घरी येणारं वर्तमानपत्र बंद केलं. “मंदी आली की शेजारी सांगतीलच,” म्हणाला. दर महिन्याला पगारातला तिसरा हिस्सा बँकेत मुदतठेवीत टाकायला लागला. आणि मग खोकी सुरू झाली.

कारखान्यात रद्दीत जाणारा पुठ्ठा त्यानं मालकांना विचारून रीतसर विकत घेतला. सुट्टीनंतर थांबून, आपल्याच मशीनवर कापून, सहा मोठी खोकी केली आणि एक अर्धं. प्रत्येक खोक्यात एका महिन्याचं घर: तांदूळ, डाळ, पीठ, साखर, चहापत्ती, तेलाचे डबे, साबण, काड्यापेट्या, दंतमंजन, इतकंच काय, बायकोच्या डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा. वर चिकटपट्टी, आणि जाड पेनानं लिहिलेलं, ‘महिना पहिला’, ‘महिना दुसरा’. दर तीन महिन्यांनी जुना माल खायला काढायचा, नवा भरायचा. मधल्या खोलीची एक भिंत छतापर्यंत खोक्यांनी झाकून गेली.

“बाबा, आपण घरात राहतो का गोदामात?” पोरगी विचारायची. “माझ्या मैत्रिणी आल्या तर सांगू काय? आमच्याकडे तिसरा महिना भिंतीला टेकलाय?”

“सांग, आमच्या घरी आहे. तुमच्या घरी कुठेय ते विचार.”

बायको फक्त एकदा म्हणाली, “अहो, एवढं झाकायचं तर नीट झाका. आल्यागेल्याच्या डोळ्यावर येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“लोक बघतील तर शिकतील,” बेतू म्हणाला.

खरं तर त्याला ते दाखवायला आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ दाखवण्यासारखं काहीतरी होतं. पण दाखवणार कुणाला? सोट्याला दाखवलं तर तो आतला एक महिना उसना मागायचा.

साडेसहा महिन्यांची खोकी झाली, पण साडेसहा महिन्यांची रोकड होईना. फी होती, वीजबिल होतं, आजारपण सांगून येत नाही. तेव्हा बेतूनं घराचेच पदर कमी केले. घर तीन खोल्यांचं, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखं. रस्त्याकडची पुढची खोली भाड्यानं द्यायची ठरवली. पुढच्या आणि मधल्या खोलीतलं दार खिळे मारून बंद केलं, त्याला कपाट लावलं. आता घरच्यांनी मागच्या बोळातून यायचं-जायचं. नळ आणि संडास मात्र दोघांत एकच. भाड्याची चिठ्ठी त्यानं कारखान्याजवळच्या चहाच्या टपरीवर लावली, कारण तिथे कामाधंद्याची माणसं येतात.

आठ दिवसांत एक तरुण आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. एकटा. कंपन्यांमध्ये हिशेबाचं काम करतो म्हणाला. एक कंपनी झाली की दुसरी.

“मी पण कंपनीतलाच,” बेतू म्हणाला. “हा इथला खोक्यांचा कारखाना. पंचिंगवर आहे.”

“अच्छा,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

घासाघीस न करता त्यानं दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत दिली. करार वर्षाचा. वर्षाच्या आत मालकानं काढायचं नाही. त्याला मात्र जायचं झालं तर महिनाभर आधी सांगून जाता येईल, आणि अनामत आठ दिवसांत परत. “फिरतीचं काम आहे ना काका,” तो म्हणाला. एवढी अनामत देणारा माणूस पाहून बेतूला ते कलम पिसासारखं हलकं वाटलं. त्यानं सही केली आणि त्याच दिवशी ती रक्कम मुदतठेवीत टाकली. म्हणजे नीट बघायला गेलं तर साडेसहा महिन्यांतले तीन महिने त्या भाडेकरूच्या पैशावर उभे होते. पण तेव्हा तसं कोण बघतो?

भाडेकरू सोन्यासारखा. सिगारेट नाही, मित्र नाहीत, गाणी नाहीत. महिन्याच्या एक तारखेला भाडं, आणि वर पैसे देऊन काकूंच्या हातचं जेवण. दुसऱ्या रविवारी नळाला पाणी का नाही हे विचारायला तो मागच्या दारानं आत आला, आणि मधल्या खोलीत त्याची नजर त्या भिंतीवर गेली.

“हे काय काका? महिना चौथा?”

झालं. बेतूच्या पोटात जे साठलेलं होतं ते बांध फुटल्यासारखं बाहेर आलं. त्यानं चपलांच्या खोक्यांपासून सुरुवात केली. पाच पदरी-तीन पदरी सांगितलं. खोक्यात काय आहे ते सांगितलं, एक खोकं फोडून दाखवलं आणि परत चिकटवलं. बँकेत किती आहे, कधी मिळणार, दुचाकी कितीला गेली, सगळं. बायकोनं आतून दोनदा भांडं आपटलं, पण बेतू थांबला नाही. दीड तास. तो माणूस मांडी घालून ऐकत होता, मधून मधून नेमकं तेच विचारत होता जे विचारावं असं बेतूला अठरा वर्षं वाटत होतं.

“काका,” शेवटी तो म्हणाला, “मी एवढ्या कंपन्या बघितल्या. असं नियोजन एकाही मालकाकडे नाही. उद्या पगार थांबला तरी तुम्ही…”

“साडेसहा महिने!” बेतू म्हणाला. “ताठ मानेनं!”

त्या दिवशी बेतू चहात साखर बेतानं घालायची विसरला.

पुढच्या महिन्यात एका सोमवारी भोंगा झाल्यावर मुकादमानं सगळ्यांना मशीन थांबवायला सांगितलं. मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांच्या मागे इस्त्रीचा शर्ट.

“हे साहेब आपल्या कामाचा अभ्यास करणार आहेत,” मालक म्हणाले. “ऑर्डरी तुम्ही बघताच आहात. कुठे काटकसर करता येईल ते हे सांगतील. यांना सहकार्य करा.”

‘सहकार्य’ हा शब्द मालकांच्या तोंडी आला की काहीतरी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. भाडेकरूची नजर सगळ्यांवरून फिरत बेतूवर आली आणि न थांबता पुढे गेली. जसं काही बेतूच्या बायकोच्या हातचं सकाळीच तो खाऊन आला नव्हता.

दुपारपर्यंत बातमी शेडभर झाली. दोन पंचिंग मशीनपैकी एक बंद होणार. बेतू किंवा सोट्या, दोघांतला एक राहणार. पंधरा दिवसांत ठरणार.

“तुझंच नशीब,” सोट्या म्हणाला. त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच टवाळी नव्हती. “तुझं पान वाकडं जात नाही. आणि साहेब तुझ्याच घरात. मला काय, जायचंच आहे. फक्त जरा आधी सांग, म्हणजे मी दोन-चार जणांकडून आणखी उसने घेऊन ठेवतो.”

बेतूलाही आधी तेच वाटलं. आपलाच भाडेकरू, आपल्याच घरचं जेवण. संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं तर तिनं हातातली परात खाली ठेवली.

“त्याला तुम्ही खोकी दाखवलीत.”

“मग?”

“मग काय? दोघांतला एक काढायचाय. एकाच्या घरी उद्याची चूल पेटेल का नाही ठाऊक नाही, आणि एकानं आपल्या तोंडानं सांगितलंय, साडेसहा महिने, ताठ मानेनं. तुम्ही त्याच्या जागी असता तर कुणाला काढलं असतं?”

बेतूनंही बेतूलाच काढलं असतं.

“हळू बोल,” तो कुजबुजला. खिळे मारलेल्या दारापलीकडे भाडेकरू खुर्ची सरकवत होता. त्या दिवसापासून ती तिघं आपल्याच घरात चोरासारखी बोलू लागली. शिंक आली तरी उशीत.

आता करायचं काय? बाहेर काढावं तर करारावर आपली सही. भांडावं तर तोच नाव लिहिणार. गोड बोलावं तर त्याला कळतं. विंचू देवळात शिरलेला, आणि देऊळही आपलंच. चप्पल मारावी कुठे?

“गरीब व्हायचं,” बायकोनं ठरवलं. “आणखी काय? होतो तेव्हा लपवत होतो, आता दिसायचं.”

तिनं सुरुवात स्वतःपासून केली. दुसऱ्या दिवशी त्याचं जेवण द्यायला गेली तेव्हा जुनी विरलेली साडी नेसून गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, “भाऊ, पुढच्या दोन महिन्यांचं भाडं आत्ताच मिळालं तर बरं होईल. घरात फार ओढाताण चाललीय.”

त्यानं ताट घेतलं, हसला. “काकू, काकांनी मला सांगितलंय. तुमची एक ठेव येत्या अठरा तारखेला सुटतेय. तोवर लागलं तर सांगा, देतो.”

बायको परत आली ती बेतूकडे न बघता सरळ मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी.

मग बेतूची बारी. खोकीच घरातून हलवायची, म्हणजे भिंत रिकामी दिसेल, आणि आपण म्हणायचं की माल विकून खाल्ला. दोन गल्ल्या पलीकडे त्याची बहीण राहायची. तिच्या माळ्यावर जागा होती. पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना, त्यानं ओळखीच्या भाजीवाल्याची हातगाडी आणली. पोरगी पुढून ओढणार, तो मागून ढकलणार. चार खोकी चढवली आणि बोळातून बाहेर पडतात तर समोर भाडेकरू. पायात कापडी बूट. त्याला पहाटे फिरायची सवय लागलेली, आणि हे बेतूला ठाऊक नव्हतं.

“अरे काका! थांबा, थांबा.” त्यानं बोळाचं फाटक धरलं, मग गाडीचा एक दांडाही धरला आणि चौकापर्यंत ढकलत आला. पोरगी ओठ दाबून हसू आवरत होती आणि बेतू मनात धरणीला म्हणत होता, आई, आत्ता पोटात घे.

“आणखी कुठे साठवायला जागा घेतलीत?” भाडेकरूनं विचारलं. “बरोबर आहे. सगळं एका जागी ठेवू नये. मी कंपन्यांना हेच सांगतो.”

चौकातून तो वळला. पोरगी म्हणाली, “बाबा, पाचवं खोकं पण त्यालाच उचलायला सांगू का?” आणि मग, बराच वेळ गाडी ओढल्यावर, हळूच म्हणाली, “मी कॉलेज सोडू का? दवाखान्यात मदतनीस घेतात.”

“गप ओढ,” बेतू म्हणाला.

शेवटचा उपाय म्हणून तो काम करायला लागला. म्हणजे आधीही करायचाच, पण आता सोट्याच्या दुप्पट. साहेब वही घेऊन शेडमध्ये आले की बेतूच्या मशीनचा आवाज एकसारखा धाड धाड चालायचा. साहेब उभे राहायचे, घड्याळ बघायचे, लिहायचे. एकदा जवळ येऊन म्हणालेसुद्धा, “काका, तुमच्यासारखा कारागीर नाही.” बेतूच्या जिवात जीव आला. माणूस बुडायला लागला की काडीलाही ओंडका म्हणतो.

पंधराव्या दिवशी मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेब बाजूच्या खुर्चीत. मालकांनी बेतूला बसायला सांगितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच त्याला कळलं.

“कामात तूच सरस, यात वाद नाही,” मालक म्हणाले. “पण साहेबांनी मला माणुसकीची बाजू दाखवली. त्या दुसऱ्याला काढला तर त्याचं घर महिन्यात बसेल. दोन लहान पोरं, बायको आजारी. मग तळतळाट माझ्या माथी. तुझ्याबद्दल साहेबांनी जे सांगितलं ते ऐकून मी थक्कच झालो. सगळे तुझ्यासारखे असते तर मंदीला भ्यायचं कुणी?”

बेतूला म्हणायचं होतं, त्यातली तीन महिन्यांची रक्कम या माणसाचीच आहे. म्हणायचं होतं, माझ्या पोरीचं अजून एक वर्ष आहे आणि माझ्याकडे साडेसहा महिने आहेत, करा वजाबाकी. पण ज्या तोंडानं ताठ मान सांगितली त्या तोंडानं आता मान वाकवायची कशी? आणि वाकवली तरी विश्वास कोण ठेवणार? माणूस खोटी श्रीमंती सांगतो हे सगळ्यांना पटतं. गरिबी सांगायला लागला की लोक भिंतीआड वाकून बघतात.

“नियमानं जे काय मिळायचं ते मिळेल,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “काका, तुम्ही तरून जाल. मला खात्री आहे.”

बाहेर सोट्या उभा होता. त्याचे लांब हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

“बेतूदादा, शपथ घेऊन सांगतो, मी काही केलं नाही.”

“ठाऊक आहे,” बेतू म्हणाला. “मी केलं.”

सोट्यानं खिशात हात घातला, काही चुरगळलेल्या नोटा काढल्या. “तुझे राहिले होते ना? दोन वर्षांपूर्वीचे.”

बेतूनं घेतल्या. बेतानं जगणाऱ्या माणसाला नको म्हणणं परवडत नाही.

मग घर. सकाळी आठला भाडेकरू कारखान्यात जायचा आणि बेतू मधल्या खोलीत पलंगावर बसायचा. उठला की कपाटाला गुडघा लागायचा, वळला की बहिणीकडून परत आणलेल्या खोक्यांना कोपर. वाचवलेल्या प्रत्येक गोष्टीनं त्याला घरातच कोंडलं होतं. दुचाकी नव्हती म्हणून लांबच्या कारखान्यात विचारायला जाता येत नव्हतं. वर्तमानपत्र नव्हतं म्हणून कुठे माणसं हवीत ते कळत नव्हतं. पुढची खोली नव्हती म्हणून आलेल्याला बसवायला जागा नव्हती, आणि तसंही कुणी येत नव्हतं. चालत जाण्याच्या अंतरातले दोन कारखाने त्यानं पालथे घातले. दोन्हीकडे दाराशीच उत्तर मिळालं. ‘महिना पहिला’ फोडला. मग ‘दुसरा’. बायकोनं शेजारच्या दोघांचे डबे करायला घेतले. पोरीची सहामाही फी भाड्यातून बरोबर भागली, ना एक नाणं कमी ना जास्त. त्या दिवशी बेतू पहिल्यांदा उघड बोलला, “आपल्याला हाकलणारा माणूसच आपल्याला पोसतोय.”

“पोसत नाही,” बायको म्हणाली. “भाडं देतोय. तेवढा तरी फरक राहू द्या.”

तो फरक राहिला तिसऱ्या महिन्यापर्यंत. तिसऱ्या महिन्यात भाडेकरू ताट परत करायला आला तेव्हा म्हणाला, “काकू, इथलं काम माझं संपत आलं. पुढचं काम गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. महिनाभर आधी सांगायचं ठरलंय म्हणून सांगतो.”

बायकोनं आत येऊन सांगितलं. तो गेला की भाडं गेलं. भाडं गेलं की फी गेली. आणि आठ दिवसांत अनामत परत करायची, म्हणजे साडेसहातले तीन महिने एका सहीनं गेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ते हेच. ज्याला घराबाहेर कसं काढावं या विचारात बेतूनं तीन महिने दातओठ खाल्ले, त्याला आता घरात कसं ठेवावं हा प्रश्न होता. गावात मंदी आता सगळ्यांनाच कळली होती. गल्लीतच चार दारांवर ‘खोली भाड्याने देणे’ अशी पाटी लागली होती.

“तुम्ही बोला,” बायको म्हणाली.

“मी?”

“मी जाईन, पण मला ते जमलं नाही हे तुम्ही बघितलंय. त्याला तुमचं बोलणं आवडतं.”

बेतू रविवारी गेला. स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत जायला त्याला मागच्या बोळातून बाहेर पडून, वळसा घालून, रस्त्याकडून यावं लागलं. दार वाजवलं. आतून आवाज आला, “कोण?” आपल्या दारात आपण कोण हे सांगायला बेतूला क्षणभर वेळ लागला.

“मी. काका.”

भाडेकरूनं खुर्ची पुढे केली. बेतू बसला. त्यानं घरून वाक्य जुळवून आणलं होतं, पण ते वाटेत बोळातच सांडलं.

“राहा की इथेच,” तो एवढंच म्हणाला. “आणखी वर्षभर.”

भाडेकरूनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत कीव नव्हती, खुन्नस नव्हती. हिशेब होता, आणि तो वाईट माणूस नव्हता हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

“काका, मलाही इथे आवडतं. पण तिकडे खोल्या स्वस्त झाल्यात. रोज जायचं-यायचं म्हणजे मला खर्च वाढणार. भाडं चौथाई कमी केलं, आणि काकूंचं जेवण त्यातच धरलं, तर माझं जमेल.”

“चौथाई फार होतं.”

“बाजार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो,” भाडेकरू म्हणाला. “पाट्या बघितल्यात ना? अजून खाली जाईल. मी थांबलो तर पुढच्या महिन्यात मला निम्म्यात मिळेल. पण तुमच्याशी तसं नको.”

ते खरं होतं. बेतूला वाटलं, आपल्या जागी दुसरा कुणी असता तर आपणही त्याला हेच समजावून सांगितलं असतं, दीड तास.

“बरं,” तो म्हणाला. चौथाई गेलेल्या भाड्यात फीचा पाऊण भाग बसत होता. उरलेला पाव भाग बायकोच्या डब्यांतून काढायचा. जेवण फुकट गेलं तरी एक माणूस जेवतो किती?

भाडेकरूनं नवा कागद आधीच लिहून ठेवला होता. बेतूनं तो दोनदा वाचला, या खेपेला प्रत्येक कलम. बदलण्यासारखं काहीच नव्हतं, कारण बदला म्हणायला लागणारी ताकद त्याच्याकडे नव्हती. सही केली. उठला. दारापर्यंत गेला.

“काका, रागावू नका, एक सांगू?” भाडेकरू मागून म्हणाला. “तुम्ही रोज पाचला उठून खुडबुड करता. भांडी, नळ, आणि तो खोकला. पहाटेचं फिरणं मी सोडलं, पण भिंत पातळ आहे, माझी झोप मोडते. आता तुम्हाला कामावर जायचं नसतं ना? मग सातपर्यंत पडून राहत जा.”

“हो,” बेतू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाचला त्याचे डोळे उघडले. पलीकडे भाडेकरू घोरत होता. बेतूच्या घशात खवखवायला लागलं. त्यानं पांघरुणाचं टोक तोंडात धरलं आणि छताकडे बघत पडून राहिला. साडेपाच झाले. सहा झाले. बायको शेजारी जागी होती आणि तीही हलत नव्हती. सात वाजायला अजून एक तास होता.